एक्स्टर्नल हार्ड डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही: दोष कुठे आहे हे कसं शोधायचं

डिस्क लावली की दिवा लागतो, हाताला हलकी थरथर जाणवते, पण कॉम्प्युटरवर काहीच येत नाही. किंवा कालपर्यंत नीट उघडणारी डिस्क आज ‘आधी फॉरमॅट करा’ म्हणते. किंवा मोठं फोल्डर कॉपी होताना मध्येच गायब होते आणि काढून लावली की पुन्हा काही वेळ चालते. वरवर तिन्ही दुखणी एकच, ‘डिस्क डिटेक्ट होत नाही’. म्हणून उपायही एकाच यादीतले सांगितले जातात: ड्रायव्हर अपडेट करा, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवा, नाहीच जमलं तर फॉरमॅट मारा. पण या तिन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि एका दुखण्यावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर डेटा कायमचा जाऊ शकतो.

म्हणून कशालाही हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला डिस्क पुन्हा चालायला हवी आहे, की तिच्यातलं सामान हवं आहे? सामानाची दुसरी प्रत कुठेतरी असेल तर प्रश्नच नाही, बिनधास्त फॉरमॅट करून बघा. पण फोटो, हिशेब, प्रबंध, जे काही असेल त्याची ही एकुलती एक प्रत असेल, तर सगळं दुसरीकडे उतरवून होईपर्यंत या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाऊ द्यायचं नाही. फॉरमॅट लिहितं, ‘इनिशियलाइझ’ लिहितं, चेकडिस्क आणि मॅकमधलं ‘फर्स्ट एड’ही दुरुस्ती करताना लिहितात. केबल बदलणं, पोर्ट बदलणं, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावणं, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये नुसतं बघणं यांतून तुमच्या फायलींवर काही लिहिलं जात नाही. आधी ते सगळं करून घ्यायचं.

कान लावा

फिरत्या तबकड्यांच्या डिस्कबद्दलची पहिली खबर कानाला मिळते. खोली शांत करा, डिस्क टेबलावर सपाट ठेवा, केबल लावा आणि ऐका.

हळूहळू वेग घेणारा एकसारखा आवाज आला आणि टिकला, तर मोटर आणि हेड (तबकडीवरून डेटा वाचणारा भाग) बहुधा ठीक आहेत. मग दोष केबल, बाहेरच्या पेटीतलं सर्किट, पार्टिशन (डिस्कवर आखलेला भाग) किंवा कॉम्प्युटर यांपैकी कुठेतरी आहे, आणि तो घरी सापडण्याची शक्यता चांगली आहे.

ठरावीक अंतराने ‘टक्… टक्… टक्’ येत असेल, तर हेडला तबकडीवरची आपली जागा सापडत नाही आणि ते पुन्हा पुन्हा मागे येऊन शोध घेतं आहे. वीज कमी पडली तरी कधी कधी असा आवाज येतो, म्हणून चांगली केबल घेऊन थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला एकदाच लावून पाहा. तरीही टकटक चालू राहिली तर डिस्क काढा आणि थांबा. त्या अवस्थेत चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला तबकडीवर ओरखडे पडायची भीती असते.

बारीक ‘पीं पीं’ असा आवाज आला आणि फिरण्याचा नाही, तर मोटर जोर लावते आहे पण तबकडी हलत नाही. एक तर वीज अपुरी आहे, नाही तर हेड तबकडीला चिकटलं आहे. पहिलं केबल आणि पोर्ट बदलून कळतं. दुसऱ्यावर घरगुती उपाय नाही.

अगदीच काही आवाज नसेल आणि दिवाही नसेल, तर वीजच पोहोचत नाही किंवा आतलं सर्किट गेलं आहे. तुमची एक्स्टर्नल डिस्क एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी) असेल तर मात्र या सगळ्याचा उपयोग नाही. तिला आवाजच नसतो, आणि ती बिघडते तेव्हा बहुतेकदा काही इशारा न देता बिघडते.

वीज पुरते का?

खिशात मावणारी अडीच इंची डिस्क यूएसबी केबलमधूनच वीज घेते. नियमाप्रमाणे यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० चा ९००. थांबलेली तबकडी फिरवायला सुरुवात करताना डिस्क क्षणभर याहूनही जास्त मागू शकते. त्या एका क्षणाला व्होल्टेज खाली आलं की डिस्क सुरू होता होता बंद पडते, पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा पडते. दिवा मात्र लुकलुकत राहतो, कारण दिव्याला फार कमी वीज पुरते. दिवा लागला म्हणजे वीज पुरेशी आहे असं धरून चालू नका.

म्हणून मधले सगळे टप्पे काढा: हब, एक्स्टेंशन केबल, कीबोर्डवरचा किंवा मॉनिटरवरचा पोर्ट. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट सोडून मागचा, थेट मदरबोर्डवरचा वापरा. पुढच्या पोर्टपर्यंत आत लांब बारीक वायर गेलेली असते आणि तिथलं कनेक्शन सैल होणं नेहमीचं आहे. वीज कमी पडते हे नक्की झालं तर स्वतंत्र अडॅप्टर असलेला हब घ्या. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा स्वतःचा अडॅप्टर लागतोच, आणि अडॅप्टर जुना झाला की भाराखाली व्होल्टेज पाडतो. तसा दुसरा लावून पाहायचा असेल तर व्होल्टेज अगदी तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि पिनची प्लस-मायनस बाजूही तीच हवी. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर कधी कधी त्या भोकात चपखल बसतो. तो लावला तर आतला बोर्ड जळू शकतो.

आता केबल. मला विचाराल तर वारंवार येणाऱ्या या तक्रारीत पहिला संशय केबलवरच घ्यावा. अडीच इंची डिस्कला जी रुंद, दोन भागांची चपटी मायक्रो-बी पिन असते ती नाजूक आहे. डिस्क केबलला लटकवून उचलली, लॅपटॉपबरोबर बॅगेत तशीच कोंबली की तिचं सॉकेट सैल होतं. चालू असताना डिस्कजवळ केबल अगदी हलकेच हलवली आणि ती गायब झाली, तर दोष तिथेच. (कॉपी चालू असताना हा प्रयोग करू नका.) टाइप-सी केबलींची अडचण निराळी. बाहेरून सगळ्या सारख्या, पण काही फक्त चार्जिंगपुरत्या असतात, तर काही डेटा नेतात पण यूएसबी २.० च्याच वेगाने. शिवाय टाइप-सी पिन उलटून लावली की संपर्काच्या वेगळ्या पट्ट्या वापरात येतात. एका बाजूने डिस्क दिसते आणि उलटी लावली की दिसत नाही, तर सॉकेटच्या एका बाजूला घाण आहे किंवा झीज झाली आहे.

निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये पिन घालताना ती एका दमात, पूर्ण आत घाला. यूएसबी ३ च्या जास्तीच्या पट्ट्या आत खोलवर असतात. फार हळू घातली तर जुन्या २.० च्या पट्ट्या आधी टेकतात आणि डिस्क त्याच वेगाने जोडली जाते. तुमच्या जुन्या डिस्कला नेमका ३.० चा वेगच झेपत नसेल, तर २.० च्या पोर्टवर ती मुकाट चालते. डेटा उतरवण्यापुरता हा मार्ग फार कामाचा आहे. वेळ लागेल, पण उतरेल.

डिस्क मॅनेजमेंट काय म्हणतं ते शब्दशः वाचा

‘धिस पीसी’मध्ये डिस्क न दिसणं आणि कॉम्प्युटरला डिस्क न सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक घबराट इथेच होते. विंडोज की आणि एक्स एकत्र दाबा, डिस्क मॅनेजमेंट उघडा, आणि खालच्या अर्ध्या भागात डिस्क ०, डिस्क १, डिस्क २ अशा ओळी बघा. डिस्क लावल्यावर एक ओळ वाढते का, काढल्यावर जाते का, हे आधी पाहायचं. मग त्या ओळीत काय लिहिलं आहे ते.

ओळ आहे, निळी पट्टी आहे, ‘हेल्दी’ आणि ‘एनटीएफएस’ किंवा ‘एक्सफॅट’ (या फायली मांडण्याच्या पद्धती, म्हणजे फाइल सिस्टिम) लिहिलं आहे, फक्त डी, ई असं ड्राइव्हचं अक्षर नाही. हे सगळ्यात सोपं. त्या चौकोनावर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून एखादं मोकळं अक्षर द्या. ऑफिसच्या नेटवर्कचा एखादा फोल्डर आधीच त्या अक्षरावर बसलेला असेल तर असं होतं. एकच डिस्क दोन कॉम्प्युटरवर वापरणाऱ्यांना हे वारंवार भोगावं लागतं. अशांनी सगळीकडे वर्णमालेतलं शेवटाकडचं एकच अक्षर कायमचं देऊन टाकावं.

‘ऑफलाइन’ लिहिलं असेल आणि तुम्ही अलीकडे डिस्क क्लोन केली (हुबेहूब नक्कल काढली) असेल, तर दोन्ही डिस्कची अंतर्गत ओळख एकच झाली आहे आणि विंडोजने त्यातली एक बाजूला ठेवली आहे. मूळ डिस्क काढून ही एकटी लावली की ती वर येते.

‘हेल्दी’ आहे पण फाइल सिस्टिमचं नाव नाही आणि अक्षर देण्याचा पर्यायही मिळत नाही, तर डिस्क मॅक किंवा लिनक्सवर फॉरमॅट झालेली असू शकते. मॅकची एचएफएस प्लस किंवा एपीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ विंडोजला स्वतःहून वाचता येत नाही. डिस्क ठणठणीत असते. ती पूर्वी जिथे लावली जात होती तिथे लावा, सामान उतरवा, मगच एक्सफॅट करायचं की एनटीएफएस ते ठरवा. दोन्हीकडे ये-जा असेल तर एक्सफॅट सोयीची पडते. मात्र तिच्यात एनटीएफएससारखी जर्नलची (बदलांची आधी नोंद ठेवण्याची) सोय नाही, त्यामुळे लिहिताना मध्येच केबल ओढली तर तिचं जास्त बिघडतं.

‘रॉ’ लिहिलं असेल तर इथे सावध व्हा. पार्टिशन जागेवर आहे, पण त्याच्या आतल्या फाइल सिस्टिमची सुरुवातीची नोंद विंडोजला वाचता येत नाही. नोंद बिघडली असेल, किंवा ती जिथे लिहिली आहे ते सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पेच, वाचता येत नसतील. फायली बहुतेकदा जिथल्या तिथेच असतात. ‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’ ही खिडकी याच वेळी येते आणि हात आपोआप ‘फॉरमॅट डिस्क’वर जातो. ‘कॅन्सल’ दाबा. एखाद्या पार्टिशनला बिटलॉकर (डेटा कूटबद्ध करणारं विंडोजचं कुलूप) लावलेलं असेल आणि तुम्ही ते जुन्या किंवा दुसऱ्या सिस्टिमला लावलं, तर तेही अनोळखी दिसू शकतं. तेव्हा लागते ती ४८ आकडी रिकव्हरी की. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, छापील कागदावर किंवा वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेली असते. बिटलॉकर लावलं होतं का, हे आठवून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

‘अनअ‍ॅलोकेटेड’ म्हणजे पार्टिशनची यादीच दिसत नाही. ‘नॉट इनिशियलाइझ्ड’ म्हणजे विंडोजला सुरुवातीचा सेक्टर रिकामा दिसला किंवा वाचताच आला नाही. या दुसऱ्या प्रकारात एमबीआर की जीपीटी (पार्टिशनची यादी ठेवण्याच्या दोन पद्धती) असं विचारणारी खिडकी आपणहून समोर येते. डिस्क नवी कोरी असेल तरच तिला उत्तर द्या. (नव्या डिस्कसाठी जीपीटीच निवडा, कारण नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर एमबीआर २ टीबीच्या पुढे जात नाही.)

आणि ‘नो मीडिया’, किंवा ओळ आहे पण आकारच नाही. पेटीतल्या सर्किटने ‘मी आहे’ असं सांगितलं, पण त्याच्यामागची डिस्क त्याला उत्तर देत नाही असा याचा अर्थ. इथे ड्रायव्हर बदलून, अक्षर देऊन काहीही साधत नाही. आकार भलताच दिसला, समजा ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दाखवते आहे, तर ती एखाद्या जुन्या पेटीत किंवा अडॅप्टरवर बसवली आहे आणि त्याला २ टीबीच्या पुढचे पत्ते कळत नाहीत. तिथे काही लिहू नका. दुसऱ्या अडॅप्टरवर लावा.

ओळच येत नसेल तर

डिस्क मॅनेजमेंटमध्ये काहीच वाढत नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्क लावताना-काढताना यादी हलते का ते पाहा. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि त्यासोबत कोड ४३ आला, तर कॉम्प्युटरने ‘तू कोण’ विचारलं आणि समोरून नीट उत्तर आलं नाही. केबल आणि पोर्ट यांची झडती झाली असेल तर आता डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. हा निकाल फार मोलाचा आहे. तिथे चालली तर दोष तुमच्या कॉम्प्युटरमध्ये, तिथेही कोड ४३ आला तर दोष पेटीत. ही एक चाचणी केल्याशिवाय ड्रायव्हरच्या मागे लागू नये.

दोष कॉम्प्युटरमध्येच आहे असं दिसलं, तर ‘व्ह्यू’मधून ‘शो हिडन डिव्हायसेस’ चालू करा. ‘डिस्क ड्राइव्ह्ज’ आणि ‘युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स’ यांखाली त्या डिस्कच्या जुन्या फिकट नोंदी दिसतील. डिस्क काढलेली असताना त्या अनइन्स्टॉल करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि मग लावा. ‘रीस्टार्ट’च करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं पुरत नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असलेल्या विंडोजमध्ये शट डाउनच्या वेळी सिस्टिमची अवस्था जपून ठेवली जाते आणि तीच पुन्हा वर येते. ड्रायव्हर अपडेट करणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र टाकू नका. साध्या यूएसबी डिस्कला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो.

मॅकवर डिस्क युटिलिटी उघडून ‘व्ह्यू’मध्ये ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा, नाहीतर माउंट न झालेली (वापरासाठी उघडली न गेलेली) डिस्क नजरेतून सुटते. अ‍ॅपल सिलिकॉनच्या लॅपटॉपवर व्हेंच्युरापासून नवं उपकरण जोडू द्यायचं का असं विचारलं जातं. ती खिडकी चुकून बंद झाली असेल तर डिस्कला वीज मिळते, डेटा नाही. आणि एक्सफॅट डिस्क आधी न सांगता ओढून काढली असेल तर पुढच्या वेळी मॅक ती माउंट करण्याआधी गुपचूप तपासत बसतो. मोठ्या डिस्कला यात बराच वेळ जातो आणि लोक ती मेली समजून पुन्हा ओढतात, की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘एफएससीके’ने (fsck) सुरू होणारी प्रक्रिया दिसली तर थांबा.

लिनक्सवर ‘डीमेसेज’ (dmesg, कर्नलचे म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे संदेश दाखवणारी कमांड) चालू ठेवून डिस्क लावा. कर्नल काय बघतो ते ओळीओळीने दिसतं, म्हणून निदानासाठी मला लिनक्सच सगळ्यात भरवशाचं वाटतं. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करणं विंडोजवाल्यांनाही जमण्यासारखं आहे. तिथे डिस्क सापडते आणि विंडोजमध्ये नाही, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

मध्येच गायब होणारी डिस्क

लागते, दिसते, आणि मग जाते. ही तक्रार सगळ्यात छळते, कारण दुकानात नेली की नेमकी चालते. इथे अंदाज लढवण्यापेक्षा विंडोजने ठेवलेली नोंद वाचा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टिम’, आणि डिस्क गायब झाली त्या वेळेच्या आसपास ‘डिस्क’ या स्रोताच्या नोंदी शोधा. क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक सापडला. क्रमांक १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचं काम एकदा फसलं आणि पुन्हा करावं लागलं. क्रमांक १५७ म्हणजे डिस्क न सांगता अचानक निघून गेली. नुसत्या १५७ च्या नोंदी असतील तर केबल, वीज, सॉकेट किंवा पेटीतलं सर्किट यांकडे बघा. आधी ७ आणि १५३ ची रांग आणि मग १५७, असा क्रम असेल तर डिस्क स्वतः आजारी आहे: खराब सेक्टर वाचायच्या खटाटोपात ती इतका वेळ घेते की शेवटी जोडणीच तुटते.

गायब होण्याची वेळही बोलते. काही मिनिटं हात न लावता ठेवली की जाते, तर वीजबचतीची सेटिंग तपासा. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमधली कॉम्प्युटरला हे उपकरण बंद करू देणारी खूण काढा. नेहमी कॉपीच्या भरातच जाते आणि पेटी हाताला गरम लागते, तर आतलं सर्किट तापून पडतं आहे. उशीवर किंवा गादीवर ठेवू नका, थोडं थोडं कॉपी करा. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर जाते, तर झोपवण्याआधी डिस्क नीट ‘इजेक्ट’ करून काढणं हाच खरा उपाय. लिनक्सवर काही पेट्यांचं यूएएस या जलद पद्धतीशी जमत नाही. त्या पेटीपुरती ती पद्धत बंद करून जुनी लावली की भांडण मिटतं.

डिस्क दिसते आहे त्या वेळात तिचे स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिचे) आकडे वाचून ठेवा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, इतरत्र स्मार्टमॉनटूल्स. बघायचे ते आकडे थोडेच: ५ म्हणजे बदली केलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाच्या प्रतीक्षेत असलेले, १९८ म्हणजे दुरुस्तच न झालेले. क्रिस्टलडिस्कइन्फो हेच क्रमांक हेक्समध्ये ०५, सी५, सी६ असे दाखवतं आणि मूळ संख्याही सुरुवातीला हेक्समध्येच देतं, ती सेटिंगमधून दशमान करून घ्या. १९७ शून्यापेक्षा जास्त असेल आणि दर वेळी वाढत असेल तर केबल बदलण्यात वेळ घालवू नका, सामान उतरवायला लागा. १९९ हा आकडा जोडणीतल्या चुकांचा आहे, पण एक्स्टर्नल डिस्कमध्ये तो पेटीतलं सर्किट आणि डिस्क यांच्यातल्या जोडणीबद्दल बोलतो, बाहेरच्या यूएसबी केबलबद्दल नाही.

दिसते आहे तोवर उतरवा

अशी डिस्क ज्या दिवशी चालते तो दिवस दुरुस्तीचा नाही, कॉपीचा आहे. ‘एकदा चेकडिस्क मारून घेऊ, मग निवांत कॉपी करू’ हा क्रम उलटा आहे. चेकडिस्क फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवायला बसतं, तुमच्या फायली वाचवायला नाही. जी नोंद जुळत नाही ती कापून टाकणं किंवा तिचे तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकलणं हे त्याच्या दृष्टीने योग्यच असतं. शिवाय आजारी डिस्कवर ते नेमकं खराब भागातच हेडला पुन्हा पुन्हा नेतं.

सगळ्यात मौल्यवान आणि आकाराने लहान ते आधी घ्या: कागदपत्रं, मग फोटो, सिनेमे शेवटी. फोटोंचं फोल्डर मोठ्या चित्रांच्या रूपात उघडू नका, कारण प्रत्येक लहान चित्र बनवायला डिस्क वाचावी लागते. अँटिव्हायरसची तपासणी तेवढा वेळ थांबवा. विंडोजची साधी कॉपी एका खराब फाइलवर अडून बसते, म्हणून विंडोजमधलीच रोबोकॉपी ही कमांड वापरा. पण तिची मूळ सेटिंग फसलेली फाइल १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, पुन्हा वाचण्याची आहे. ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन पर्याय १ वर आणा, म्हणजे ती खराब फाइल सोडून पुढे जाईल.

डिस्क ‘रॉ’ असेल, किंवा खराब सेक्टर बरेच असतील, तर फाइल-फाइल करण्यापेक्षा आख्ख्या डिस्कची प्रत काढणं चांगलं. यासाठी लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू मी कोणत्याही विकतच्या सॉफ्टवेअरच्या आधी सुचवेन. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेली जागा सोडून पुढे जातं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं. काय वाचलं आणि काय राहिलं हे मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे डिस्क मध्येच गायब झाली तरी पुन्हा लावून राहिल्या जागेपासून पुढे जाता येतं. मॅप फाइलचं नाव द्यायला विसरू नका. प्रत ठेवायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी घ्या, आणि कुठून कुठे हे दोनदा वाचून मगच एंटर दाबा. दोन नावं उलटी पडली तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाईल.

प्रत हातात आली की मूळ डिस्क काढून ठेवा आणि सगळे प्रयोग प्रतीवर करा. पार्टिशन हरवलं असेल तर टेस्टडिस्क ते शोधू शकतं. ते जमलं नाही तर त्याच्याच जोडीचं फोटोरेक फायलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून त्या बाहेर काढतं. त्यात फायलींची मूळ नावं आणि फोल्डरं जातात, म्हणून ते शेवटी.

पेटी उघडावी का?

साडेतीन इंची डिस्क असेल, आवाज निरोगी असेल आणि दोष पेटीतल्या सर्किटमध्ये आहे असं सगळं सांगत असेल, तर आतली डिस्क काढून दुसऱ्या साटा (आतल्या डिस्कची नेहमीची जोडणी) अडॅप्टरवर लावणं हा रास्त उपाय आहे. वॉरंटी जाईल हे लक्षात घ्या. पण काही खाचखळगे आधी माहीत हवेत. अनेक अडीच इंची डिस्कमध्ये साटाची पिनच नसते, यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डवर झाळलेलं असतं. काही पेट्यांचं सर्किट सगळा डेटा कूटबद्ध करून लिहितं, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरीही. अशी डिस्क बाहेर काढली की आत नुसता अर्थहीन मजकूर दिसतो. २ टीबीहून मोठ्या डिस्कच्या काही पेट्या ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे असल्याचं भासवतात. थेट साटाला लावल्यावर पार्टिशनचा हिशेब जुळत नाही आणि डिस्क रिकामी दिसते. या दोन्ही प्रसंगी तीच पेटी किंवा त्याच मॉडेलचं सर्किट परत लावलं तर डेटा दिसू शकतो, म्हणून पेटीचे भाग टाकू नका. आणि बाहेर काढलेली डिस्क जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नसेल तर ती मेली असं लगेच ठरवू नका. नव्या काही डिस्क साटाच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट दिसले की बंद राहतात. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वीजजोडणीवरून) साटा देणाऱ्या चांगल्या वायरवर ती चालू होते.

पेटी उघडणं वेगळं आणि डिस्कचं सीलबंद झाकण उघडणं वेगळं. आत हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं आणि धुळीचा एक कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. फ्रीजमध्ये ठेवणं, टिचक्या मारणं, दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावणं हे तिन्ही उपाय अजून सांगितले जातात. थंड डिस्कवर बाष्प जमतं, टिचकीने हेड तबकडीवर आपटतं, आणि प्रत्येक बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कसाठी जुळवलेली माहिती असते, त्यामुळे नुसता बोर्ड बदलून सहसा काम होत नाही.

टकटक, पीं पीं, पडलेली किंवा पाण्यात भिजलेली डिस्क, आणि ‘नो मीडिया’ दाखवणारी पण दुसऱ्या अडॅप्टरवरही न बोलणारी डिस्क: आतलं सामान मोलाचं असेल तर ही सगळी प्रकरणं स्वच्छ खोलीत काम करणाऱ्या डेटा रिकव्हरी लॅबची आहेत. भिजलेली डिस्क वाळवण्याच्या नादात तापवू नका. देण्याआधी विचारा: डिस्क स्वतः उघडता की पुढे पाठवता, आधी प्रत काढता का, आणि डेटा मिळाला नाही तर किती आकारता. तुमच्याकडून त्यांना सांगायचं ते हे: डिस्क पडली होती का, आवाज कधीपासून बदलला, तिच्यावर कोणकोणतं सॉफ्टवेअर चालवलं, बिटलॉकर किंवा पासवर्ड होता का. पेटी आणि केबलसकट डिस्क द्या, आणि तोपर्यंत ‘एकदा बघू चालते का’ म्हणून लावू नका.